रानातले खाद्य कीटक: पुढचा हंगाम राखून गोळा कसे करावेत

रानातून खायला कीटक आणणाऱ्या कुठल्याही गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ते कुठं संपतायत?" झाडाला लगडलेल्या अळ्या किंवा पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती उसळलेली पंखवाली वाळवी पाहिली की ते खरंही वाटतं. पण बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या काही भागांतून मोपाने अळी (मोपाने झाडावर वाढणारी, एका मोठ्या पतंगाची अळी) नाहीशी झाली ती याच समजुतीपायी. बाजारात मागणी वाढली, बाहेरगावचे लोक पोती घेऊन आले, आणि लहानमोठी न पाहता सगळी अळी भरली गेली. शिवाय वरच्या अळ्या हाताला लागाव्यात म्हणून फांद्याही तोडल्या गेल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाद्य कीटकांवर एक मोठा अहवाल काढला. जगात खाल्ल्या जाणाऱ्या १९०० हून अधिक प्रजातींची नोंद त्यात आहे. त्यांतल्या बहुसंख्य आजही पाळलेल्या नसून रानातून, माळावरून, पाणथळीतून गोळा केल्या जातात.

गोळा करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो "किती काढावं?" हा. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. पहिला म्हणजे कीटक कुठल्या अवस्थेत काढताय, आणि दुसरा म्हणजे त्याचं झाड, वारूळ किंवा घरटं मागे शाबूत राहतंय का. हे दोन जमले तर तिसऱ्यात थोडं इकडेतिकडे झालेलं चालून जातं. ते चुकले तर कितीही कमी काढलं तरी नुकसान होतं. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: कीटक आणि त्याचं झाड, दोन्ही ओळखा

फक्त "ही खायची अळी" एवढी ओळख पुरेशी नाही. ती कुठल्या झाडावर वाढते, अंडी कुठे घालते, कोषात कुठे जाते, वर्षात तिच्या किती पिढ्या होतात, हे सगळं माहीत हवं. मोपाने अळी मोपाने झाडाच्या पानांवर वाढते, अंगावरची कात चारदा टाकते आणि पूर्ण वाढ झाली की खोडावरून उतरून मातीत शिरते. कोष तिथेच होतो. पाऊस बरा असेल तिथे वर्षात दोन पिढ्या निघतात, कोरड्या भागात एकच. पिढी एकच असेल तर एका हंगामातली चूक भरून निघायला पूर्ण वर्ष जातं, म्हणून नियमही तिथे जास्त कडक लागतात.

ही माहिती गावातल्या दोनचार वयस्क माणसांकडे, विशेषतः बायकांकडे, बहुतेक तयारच असते. त्यांच्याबरोबर एकदा रानात फिरून ती लिहून घ्यावी. नवखा कीटक दिसला आणि तो इथे कोणी खात नसेल, तर तो खायचा नाही, एवढा साधा नियम ठेवावा. भडक रंगाचे, केसाळ किंवा हात लावताच वास सोडणारे कीटक विषारी असण्याची शक्यता जास्त. पण साध्या रंगाचा कीटक सुरक्षितच असतो असं उलटं मात्र धरू नये.

पायरी २: काढण्याआधी मोजा

मोजणी म्हटलं की लोक दचकतात. फार काही लागत नाही, एक वही आणि दोन माणसं पुरतात. रानाच्या वेगवेगळ्या भागांतली वीसेक झाडं निवडून त्यांच्यावर रंगाची खूण करावी. दर हंगामात त्याच झाडांवरचे अंड्यांचे पुंजके आणि नंतर अळ्या मोजाव्यात. वाळवीसाठी वारुळं मोजा आणि मुंग्यांसाठी झाडावरची घरटी. सोबत पहिल्या पावसाची तारीख, पहिली अळी दिसल्याची तारीख, काढणी सुरू झाली आणि संपली त्या तारखा, आणि प्रत्येक घराने अंदाजे किती डबे किंवा टोपल्या आणल्या, हे टिपून ठेवावं.

अळ्या उंचावर असतील आणि दिसत नसतील तर खाली पाहावं. झाडाखाली जुनी चादर अंथरून सकाळी तिच्यावर पडलेली लेंडी बघा. अळीची लेंडी जाडसर गोळीसारखी असते आणि तिच्यावर उभ्या खाचा असतात. गोळी मोहरीएवढी बारीक असेल तर अळी लहान आहे, अजून थांबायचं. गोळी ठळक झाली आणि मग एक दिवस एकदम कमी पडू लागली, की अळीने खाणं थांबवलं आणि ती उतरायच्या बेतात आहे. काढणीचा दिवस यावरून बऱ्यापैकी नेमका सांगता येतो.

पायरी ३: कुठली अवस्था काढायची

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचं.

अळ्या. काढणी शेवटच्या अवस्थेतल्या, पूर्ण वाढलेल्या अळ्यांचीच करावी. लहान अळी काढली तर वजन मिळत नाही आणि तिच्या जागी दुसरी येतही नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा. खोडावरून खाली उतरू लागलेल्या अळ्या मात्र सोडून द्याव्यात. त्यांचं पोट आपोआप रिकामं झालेलं असतं, त्यामुळे गोळा करणाऱ्यांना त्याच सोयीच्या वाटतात. पण पक्षी, परजीवी माश्या, रोग या सगळ्यांतून वाचून त्या इथवर पोचलेल्या असतात आणि पुढच्या पिढीचे पतंग त्यांच्यातूनच निघणार असतात. जमीन उकरून कोष काढणं तर पूर्ण बंद असावं. ते बियाण्याचं पोतं दळायला नेण्यासारखं आहे.

झाडावरून काढताना अळी हाताने वेचावी किंवा आकडीने फांदी हलकेच खाली ओढून घ्यावी. झाड गदागदा हलवलं की लहान अळ्याही पडतात आणि त्यातल्या फार थोड्या परत वर चढतात.

विणकर मुंग्या. हिरवी पानं रेशमाने शिवून झाडावर घरटी बांधणारी ही लालसर मुंगी. तिची अळी आणि कोष, त्यातही भावी राण्यांचे मोठे पांढरे कोष, खाण्यासाठी काढतात. थायलंडच्या ईशान्य भागात हा कोरड्या महिन्यांतला मोठा व्यवसाय आहे. एका वसाहतीची घरटी एकाच झाडावर नसतात. ती अनेक झाडांवर पसरलेली असतात, कधी शंभराच्या वर जातात, आणि अंडी घालणारी राणी त्यांतल्या एखाद्याच घरट्यात असते. ती गेली की वसाहत हळूहळू संपते. राणीचं घरटं बाहेरून नक्की ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक झाडावरची काही घरटी, विशेषतः उंच आणि दाट पानोळ्यातली, हात न लावता ठेवावीत.

काढायची पद्धत अशी. लांब बांबूच्या टोकाला पिशवी किंवा टोपली बांधतात, टोकाने घरट्याला भोक पाडून हलवतात आणि अळ्या-कोष खाली टोपलीत पडू देतात. सोबत कामकरी मुंग्याही पडतात. टोपलीत थोडं पीठ भुरभुरवलं की त्यांचे पाय घसरतात आणि त्या चिकटून बसत नाहीत. मग टोपली त्याच झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवायची, बहुतेक कामकरी मुंग्या वर परत जातात. दुसऱ्या झाडापाशी सोडू नका, तिथली वसाहत त्यांना मारते. या मुंग्या चावतात आणि चावल्या जागी आम्ल फवारतात, तेव्हा पूर्ण बाह्या, बंद गळा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. थायलंडमध्ये बागांतल्या वसाहतींवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की फक्त भावी राण्यांचे कोष काढले तर कामकरी मुंग्यांची संख्या घटत नाही. हे ऐकायला उलटं वाटेल, पण कारण सरळ आहे. त्या राण्या एरवीही उडून जाणार असतात आणि वसाहतीचं रोजचं काम कामकरी मुंग्याच करतात. शिवाय हीच मुंगी फळझाडांवरची कीडही खाते, म्हणून बागेतली वसाहत जिवंत राहण्यात बागवानाचाही फायदा आहे.

वाळवी. सगळ्यात कमी जोखमीची काढणी कुठली असेल तर पंखवाल्या वाळवीची. पावसानंतर वारुळातून हजारोंनी बाहेर पडणाऱ्या या नर-माद्यांपैकी बहुतेकांना पक्षी, बेडूक, मुंग्या, सरडे त्याच दिवशी खाऊन टाकतात. नवी वसाहत उभी करण्यापर्यंत अगदी थोड्या पोचतात. दिव्याखाली पाण्याची परात ठेवून त्या गोळा केल्या तर वारुळाला धक्का लागत नाही. वारुळावर पानांचं किंवा कापडाचं झाकण घालून एकच तोंड उघडं ठेवण्याची पद्धतही बऱ्याच ठिकाणी आहे. तसं करताना शेजारची दोनतीन वारुळं झाकू नयेत. काही भागांत सैनिक वाळवीही खातात. ओलसर गवताची काडी भोकात सरकवली की सैनिक तिला चावून धरतात आणि काडीबरोबर बाहेर येतात. घरापुरतं हे चालतं. राणीसाठी वारूळ फोडणं मात्र थांबवावं. मोठ्या वारुळाची वसाहत कित्येक वर्षं टिकते आणि कुदळीचे चार घाव तिला संपवतात. वारुळात साप असतात, हे वेगळं सांगायला नको.

जमिनीतली घरटी. मेक्सिकोत लिओमेटोपम मुंगीच्या अळ्या-कोष काढतात, त्यांना तिथे एस्कामोलेस म्हणतात. भाव चांगला मिळतो म्हणून अननुभवी लोक घरटं पूर्ण उकरतात आणि ते उघडंच टाकून जातात. ऊन लागून वसाहत मरते. जाणती माणसं एका बाजूने लहान तोंड पाडतात, काही अळ्या मागे ठेवतात आणि पोकळीत सुकं गवत, निवडुंगाची वाळलेली पानं भरून वरून माती ओढतात. तेच घरटं मग पुढची अनेक वर्षं देत राहतं. काढणी अर्ध्या तासाची असेल तर बुजवायला दहा मिनिटं लागतात. नेमकी हीच दहा मिनिटं लोक वाचवायला बघतात.

जपानच्या डोंगराळ मध्यभागात जमिनीत राहणाऱ्या गांधीलमाश्यांचं घरटं उन्हाळ्यात लहान असतानाच आणून लाकडी पेटीत वाढवतात आणि शरद ऋतूत अळ्या काढतात. काही जण नव्या राण्या हिवाळाभर सांभाळून वसंतात रानात सोडतात. सगळ्यांना हे जमणार नाही, पण काढलेलं काही अंशी परत देण्याची ती एक पद्धत आहे.

नाकतोडे आणि टोळ. पिकावर ते कीड असतात, त्यामुळे संपतील ही चिंता सहसा नसते. मेक्सिकोतच शेतातले नाकतोडे जाळीने गोळा करण्याकडे कीटकनाशकाला पर्याय म्हणूनही पाहिलं जातं. युगांडात मात्र वेगळं चित्र आहे. तिथे प्रखर दिवे, उभे पत्रे आणि खाली पिंपं लावून नाकतोडे घाऊक पकडतात. प्रकाशाकडे इतरही असंख्य कीटक येतात आणि पिंपात मरतात, शिवाय रात्रभर त्या दिव्यांपाशी काम करणाऱ्यांच्या डोळ्यांना आणि कातडीला त्रास होतो. दिवा लावायचाच असेल तर तो लहान असावा, रात्रीच्या ठरावीक वेळापुरता असावा, आणि पकडीतले नको ते कीटक लगेच सोडावेत.

ताडवर्गातल्या झाडांत वाढणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या अळीबद्दल एवढंच: त्यासाठी जिवंत झाड तोडू नका, पडलेलं खोड वापरा. नारळ-खजुराच्या बागा जवळ असतील तर भुंगा खोडातून बाहेर पडण्याआधी सगळ्या अळ्या काढून खोड संपवा. इथे काही मागे ठेवायचं नाही.

पायरी ४: झाड आणि आग

अळ्या सगळ्या काढल्या तरी शेजारच्या रानातून पतंग येऊन अंडी घालू शकतात. झाडच गेलं तर ते येऊन करणार काय? म्हणून फांदी तोडण्यावरची बंदी अळ्यांच्या मर्यादेपेक्षा कडक हवी. मध्य आफ्रिकेत सापेली हे मोठं लाकूडझाड खाद्य अळ्यांचं घर आहे आणि तेच इमारती लाकडासाठी तोडलं जातं. अशा ठिकाणी कुठली झाडं राखायची हे तोड सुरू होण्याआधी, खोडावर खूण करून, ठेकेदारासमोर ठरवावं लागतं.

आगीचं वेळापत्रक तितकंच महत्त्वाचं. उत्तर झांबियातल्या बिसा लोकांच्या पद्धतीवर २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खाद्य अळ्यांच्या वाढीवर लक्ष ठेवणं, अळ्या ज्यांवर वाढतात ती झाडं आणि पतंगांची अंडी उशिराच्या वणव्यापासून वाचवणं, आणि काढणीचा काळ ठरवून देणं, या तीन गोष्टी ते परंपरेने करत आले होते. कोरड्या काळाच्या सुरुवातीला गवत ओलसर असताना लावलेली आग जमिनीलगत राहते. उशिराची आग झाडाच्या पालवीपर्यंत चढते आणि अंडी जाळते. गवत जाळावंच लागत असेल तर ते लवकर, वारा पडलेला असताना जाळावं आणि खुणेच्या झाडांभोवती आधी पट्टा साफ करावा.

पायरी ५: नियम गावाचा हवा

एका घराने संयम दाखवला आणि बाकीच्यांनी झाडं ओरबाडली, तर त्या संयमाला अर्थ उरत नाही. गावाची बैठक घेऊन निदान चार गोष्टी ठरवाव्यात. पहिली म्हणजे काढणी उघडण्याची तारीख. ती पंचांगावरून ठरवू नका, मोजणीवरून ठरवा. दुसरी म्हणजे बंद होण्याची तारीख. ती अळ्या खाली उतरू लागण्याआधी हवी. तिसरी म्हणजे राखीव तुकडा, जिथे त्या हंगामात कोणीच जाणार नाही. चौथी म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना परवानगी आहे की नाही, आणि असेल तर कुठल्या भागात.

राखीव भाग किती ठेवावा याचा सगळीकडे चालणारा आकडा नाही. मी सुरुवात एक तृतीयांश रानापासून करायला सांगेन आणि वहीतल्या नोंदी पाहून तो वाढवायला किंवा कमी करायला. तुकडा एकसलग असावा, त्याची हद्द ओढा किंवा पायवाट अशी सगळ्यांना माहीत असलेली असावी, आणि दर दोनतीन वर्षांनी तो बदलावा. दंड लहान पण हमखास वसूल होणारा ठेवा. मोठा दंड कागदावरच राहतो, कारण शेजाऱ्याकडून तो मागायला कोणी धजत नाही. ठरलेले नियम वनखात्याच्या आणि वन्यजीवांच्या कायद्यांशी ताडून पाहावेत. काही ठिकाणी काही प्रजातींना हात लावणंच गुन्हा असतो.

व्यापाऱ्याचा विषय याच बैठकीत यावा. खरेदी करणारा लहान अळीही त्याच भावाने घेत असेल तर नियम टिकत नाहीत. "ठरावीक लांबीच्या खालचा माल घेणार नाही" हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं की अर्धी राखण आपोआप होते. गोळा करणाऱ्या बहुतेक ठिकाणी बायका असतात. बैठकीत बोलणारे फक्त पुरुष असतील तर नियम चुकीच्या माणसांनी केले असं समजावं.

पायरी ६: खाणाऱ्याची सुरक्षितता

फवारणी झालेल्या शेतातले कीटक कधीही घेऊ नका, टोळधाडीतले तर नाहीच. कुवेतमध्ये १९८०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या टोळधाडीनंतर बाजारात विकल्या गेलेल्या टोळांत कीटकनाशकांचे अंश आढळले होते. मेक्सिकोतल्या ओआहाकामधून आलेल्या नाकतोड्यांत शिसं सापडल्याचीही नोंद आहे. खाणीजवळची, रहदारीच्या रस्त्याकडेची आणि कचरा टाकला जातो तिथली जागा टाळावी.

अळीचं पोट रिकामं करायला तिला डोक्याकडून धरून शेपटीच्या टोकाकडे दाबत नेतात, आतला हिरवा लगदा बाहेर येतो. नाकतोड्यांचे पंख आणि काटेरी मागचे पाय काढावेतच. ते न काढता भरपूर खाल्ल्याने आतडं तुंबल्याच्या घटना नोंदवलेल्या आहेत. त्यानंतर खळखळत्या पाण्यात निदान दहा मिनिटं उकळावं आणि मगच सुकवावं किंवा भाजावं. कच्चे खाऊ नयेत. नायजेरियात आनाफे जातीच्या पतंगाचे कोष काही जण हंगामात नियमित खातात. त्यांतला एक घटक शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो आणि चालताना तोल जाण्याचा आजार होतो. नीट शिजवल्याने हा धोका कमी होतो.

सुकवणी सगळ्यात नाजूक. उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू तग धरतात आणि ओलावा मिळाला की वाढतात. केनियात बंद प्लास्टिक पिशवीत नेलेल्या वाळवीमुळे बॉट्युलिझमची जीवघेणी विषबाधा झाली होती. म्हणून जमिनीवर न टाकता उंच जाळीवर पातळ थरात वाळवा, रात्री आत घ्या. कीटक बोटांत मोडून पाहा, कडकन तुटला तर वाळला, वाकला तर नाही. पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी कीटक टाळावेत, दोन्हींतली प्रथिनं सारखी असल्याने शरीर तशीच प्रतिक्रिया देऊ शकतं.

पायरी ७: घट दिसली तर

एका वाईट वर्षाने घाबरू नये. पाऊस, परजीवी आणि रोग यांमुळे अळ्यांची संख्या तशीही वर्षागणिक खूप हलते. खुणेच्या झाडांवरचे अंड्यांचे पुंजके लागोपाठ दोन हंगाम आधीच्या सरासरीच्या निम्म्यावर आले आणि त्या काळात पाऊस ठीक झाला होता, तर मात्र तो भाग बंद करावा, निदान दोन पिढ्यांसाठी. बंद काळात राखीव तुकड्यातले अंड्यांचे थोडे पुंजके पानासकट आणून रिकाम्या झाडांवर बांधता येतात. फांदीवर बारीक जाळीची पिशवी चढवली तर लहान अळ्या पक्ष्यांपासून वाचतात. पानं संपत आली की जाळी पुढच्या फांदीवर सरकवायची.

काही जण यावर पाळणीचा उपाय सुचवतात. घरगुती रातकिडे थायलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटापासून पाळले जातात आणि ते उत्पन्नाचं साधन झालं आहे, हे खरं. रानातला ताण त्याने आपोआप कमी होतो असं मात्र धरून चालू नये. ज्यांच्याकडे जागा आणि भांडवल आहे ते पाळतात, ज्यांच्याकडे दोन्ही नाही ते रानातच जातात. भाग बंद करताना सगळ्यात आधी त्या घरांचा विचार व्हावा: त्यांना उघड्या भागात पहिले काही दिवस द्यावेत, मोजणीचं काम त्यांच्यातल्याच दोघांना द्यावं आणि त्याची मजुरी आदल्या हंगामाच्या विक्रीतून बाजूला काढून ठेवावी.